आमोण्याच्या ठेवी

ठेवी वाढल्या की मुलूख सुधारला, असं मानणाऱ्यांच्या पगारावर मी जन्म काढला. दर तीन महिन्यांनी एक लांबलचक तक्ता भरायचा, तळाला बेरीज लिहायची आणि वरच्या कार्यालयाला पाठवायची. तिथे कोणीतरी ती मागच्या बेरजेशी ताडून बघायचं आणि वाढ दिसली की खूश व्हायचं. पुढे तोच आकडा पणजीला जाऊन कुठल्यातरी भाषणात शिरायचा, आणि गोव्यात दरडोई बँकेत किती पैसा आहे हे ऐकून समोरची माणसं टाळ्या वाजवायची. मीही वाजवल्या आहेत. आता त्याची लाज वाटते, आणि ही लाज कोणाला सांगून कमी होत नाही हेही कळून चुकलंय. तरी सांगतो, कारण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतले बरेचसे आता उरले नाहीत.

मी मूळ पेडण्यातल्या हळर्णचा. बँकेत लागल्यावर चार ठिकाणी फिरून डिचोली तालुक्यातल्या एका लहानशा शाखेत आलो. शाखा म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. मॅनेजर, मी, एक कॅशियर आणि एक शिपाई. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर खाणीच्या मालाचे टिपर नदीकडे जायचे आणि त्यांची तांबडी धूळ आमच्या खातेवह्यांवर बसायची. सकाळी आल्यावर पहिलं काम फडक्याने टेबल पुसायचं. खातेदार बहुतेक आमोण्याचे. थोडे सर्वणचे शेतकरी, आणि मालवण-सावंतवाडीकडून येऊन टिपर चालवणारे काही जण.

ही शाखा मला सोडायची नव्हती, त्याला कारण माझी आक्का. ती आमोण्याला दिली होती. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा मला न्हाऊमाखू घालणारी तीच, त्यामुळे तिच्या गावापासून सायकलच्या अंतरावर नोकरी मिळाली हे मला देवाचं देणं वाटायचं. बुधवारी आणि शनिवारी दुपारचं जेवण तिच्याकडे ठरलेलं. भावोजी खाणीचा माल नदीतून नेणाऱ्या बार्जवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. तिला मूलबाळ नव्हतं. सासू त्यावरून टोचून बोलायची, नाही असं नाही, पण फार बोलू शकायची नाही, कारण घरात वर्षभराचं भात आक्काच्या हातून यायचं. मांडवीच्या काठाला खाजनात त्यांची कुळाची जमीन होती आणि ती कसायची आक्काच. खारं पाणी थोडंफार सोसणारा कोरगूट तांदूळ ती लावायची. "माका पोर नाय, पण माजी कणगी कधी रिती नाय," असं ती हसून म्हणायची. सासरी तिचा पाय टेकला होता तो त्या शेतात. ते शेत म्हणजे तिची आब होती, आणि ही गोष्ट माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

खाजन म्हणजे नदीच्या पातळीखालचं शेत. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून चिखलाचा लांब बांध, आणि पाणी आतबाहेर करायला त्यात लाकडी दारं बसवलेली मानस. बांध टिकला तर शेत, नाहीतर खाडी. पूर्वी गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे, लोक तो राखायचे. कुळांच्या नावे जमिनी झाल्यावर ती जबाबदारी कुळांच्या संघावर आली. संघाकडे पैसा नव्हता, पण एक रीत होती. माघ-फाल्गुनात ओहोटी बघून दिवस ठरायचा आणि घरटी एक माणूस बांधावर जायचा. पात्रातला चिखल कापून त्याचे ठोकळे हातोहात पुढे सरकवायचे, दहाच्या सुमाराला सगळ्यांनी आपापली पेज एकत्र बसून प्यायची, पुन्हा पाण्यात उतरायचं. ज्याच्या घरचा माणूस आला नाही त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी चौकशीला जायचे, दंड मागायला नव्हे, आजारी आहे का बघायला. आक्का दर वर्षी जायची. पण बार्जी मोठ्या झाल्या, फेऱ्या वाढल्या, आणि त्यांच्या लाटांनी बांध पोखरत चालला. भावोजी ज्या बार्जवर होते ती जाताना लाट आदळायची ती त्यांच्याच शेताच्या बांधावर. आक्का म्हणायची, घरधनी गेलो ता माका लाटेवरून कळता. नुसत्या चिखलाने आता भागणार नाही, खाली दगड घालायला हवेत, हे सगळ्यांना दिसत होतं. दगडाला सरकारी मदत हवी होती.

आता आमच्या शाखेचं दुखणं सांगतो. वरून पत्र आलं होतं की या शाखेच्या ठेवी फार कमी आहेत, मार्चअखेर ठरलेल्या रकमेपर्यंत पोचल्या नाहीत तर शाखा डिचोलीच्या शाखेत मिळवण्यात येईल आणि माणसं इतरत्र पाठवण्यात येतील. इतरत्र म्हणजे गोव्याबाहेर, हे मॅनेजरने तोंडी सांगितलं. हा मॅनेजर बेळगावकडचा, गोड बोलणारा, मुलांच्या शाळेपायी हैराण झालेला माणूस. त्याला तिसऱ्यांदा बदली नको होती आणि मला पहिल्यांदाच नको होती.

मार्चअखेरीचा एक रिवाज तेव्हा पुष्कळ शाखांत चालायचा. एखाद्या मोठ्या असामीच्या दारात जायचं, चहा प्यायचा आणि म्हणायचं, दोन दिवस तुमचा पैसा आमच्याकडे ठेवा. एकतीस तारखेला आकडा फुगायचा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसा जिथून आला तिथे परत जायचा. आमच्या भागात अशी असामी एकच होती, मालाची वाहतूक करणारा ठेकेदार, ज्याचा धक्का आमोण्याला होता. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. गावातल्या सगळ्या घरांनी मिळून आमच्याकडे जेवढं ठेवलं होतं त्याच्या कितीतरी पट रक्कम त्याने एका चेकवर लिहून दिली आणि वर आम्हांला नारळाच्या वड्या खायला घातल्या.

तक्ता भरायचं काम माझं. त्यात गाववार दोन रकाने होते, एक कंपन्या आणि संस्थांचा, दुसरा घरगुती ठेवींचा. एवढी रक्कम पहिल्या रकान्यात घातली असती तर वरच्या तपासनिसाच्या ताबडतोब लक्षात आलं असतं, कारण मार्चअखेर ते नेमकं तेच शोधायचे. मी पेन हातात धरून बसलो होतो. मॅनेजर मागे येऊन उभा राहिला.

"घरगुतीत टाका की हो. दोन दिवसांचा पाहुणा आहे तो पैसा. पाहुण्याला कुठल्या खोलीत निजवलं, कोण विचारतंय?"

मी आमोण्यासमोर, घरगुती रकान्यात, ती रक्कम मिळवून आकडा लिहिला. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. शाखा राहिली, मी राहिलो, आणि पुढच्या शनिवारी आक्काकडे सोलकढी प्यायलो. आपण बहिणीसाठीच हे केलं असं मी मनाला समजावलं, आणि मनाला काय, ते पटकन समजतं.

ही सगळी गडबडीची वर्षं होती. राजभाषेवरून आंदोलन होऊन गेलं होतं, रस्त्यावर झाडं पाडून वाहतूक अडवलेली होती, बोर्डांना डांबर फासलं गेलं होतं. मी मराठीचा पक्ष धरणारा. आमच्या शाखेत खातेदारांशी मी भांडलोही आहे, आणि गंमत म्हणजे ते भांडण दोघंही ज्या बोलीत करत होतो ती कोकणी की मराठी हे आम्हांलाच सांगता आलं नसतं. मग घटकराज्य झालं. मिरवणुका निघाल्या, फटाके वाजले. आता आपलं सरकार, आता आपल्या हाती सगळं, असं जो तो म्हणायचा. मीही म्हटलं. नव्या राज्याला नव्या योजना करायच्या होत्या, आणि योजना करायला आकडे लागतात.

त्यांतल्याच एका योजनेसाठी पणजीच्या एका कार्यालयातून एक तरुण अधिकारी आमच्याकडे आला. सभ्य, अभ्यासू, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मॅनेजर त्या दिवशी रजेवर होता, म्हणून तो माझ्यासमोर बसला. शिपायाने हॉटेलातून चहा आणि पाव-पातळभाजी आणली. त्याने सगळं उघडपणे सांगितलं. नदीकाठच्या गावांचे बांध दगडाने बांधून द्यायचे आहेत, पैसा सगळ्यांना पुरणारा नाही, तेव्हा गरीब गावं आधी घ्यायची.

"गरीब कोण ते कसं ठरवणार?" मी विचारलं.

"तीच तर अडचण आहे. उत्पन्न कोणी खरं सांगत नाही. पंचायतीचा दाखला मागाल तसा मिळतो. म्हणून आम्ही घरगुती ठेवी धरायच्या ठरवल्या. बँकेतला पैसा खोटं बोलत नाही."

त्याने हे इतक्या विश्वासाने म्हटलं की मी हातातला पाव बशीत परत ठेवला. त्याला मार्चअखेरचे गाववार आकडे हवे होते, माझ्या सहीने.

त्या वेळी माझ्यासमोर दोन कागद होते असं म्हणता येईल. एक मी वर पाठवलेला तक्ता, दुसरा खातेवहीवरून काढता आला असता तो खरा आकडा. खरा दिला असता तर दोहोंत मेळ बसला नसता. आज ना उद्या कोणीतरी विचारलं असतं, चौकशी झाली असती, मॅनेजरची नोकरी गेली असती आणि माझीही. मला बांध दिसत होता. आक्का गुडघाभर चिखलात वाकलेली दिसत होती. आणि तरीही मी मनात म्हटलं, एका आकड्यावर थोडंच सगळं ठरतं, आणखी दहा गोष्टी बघतील, शेवटी आमदाराच्या चिठ्ठीवर यादी होईल, आपल्याकडे कुठलं काम आकड्यावर झालंय? म्हणजे सरकार भ्रष्ट असेल या भरवशावर मी खोटं बोललो. मी तक्त्याची नक्कल काढून सही केली, शिक्का मारला आणि त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. पण तो माणूस प्रामाणिक निघाला. यादी त्याने आकड्यावरच केली.

दोन-तीन महिन्यांनी, पावसाळा सरल्यावर, एका बुधवारी जेवून उठलो तर कुळांच्या संघाचा अध्यक्ष आक्काच्या दारात उभा. साठीतला, कानात मुद्या घातलेला म्हातारा. हातात लांब लिफाफा.

"सायबा, सरकाराचें पत्र आयलां. इंग्लेज आमकां कळना. तूं बँकेचो मनीस, सांजे मांडार येवन वाचून दाखय."

संध्याकाळी देवळासमोरच्या मांडावर माणसं जमली होती. बायकाही आल्या होत्या, आक्का त्यांच्यात होती. पत्र इंग्रजीत आलं म्हणून आधी थोडी बाचाबाची झाली. कोणी म्हणालं कोकणीत हवं होतं, कोणी म्हणालं मराठीत, आणि दहा मिनिटं त्यातच गेली. मला वाटत होतं त्यांनी रात्र होईपर्यंत असंच भांडावं. शेवटी अध्यक्षाने सगळ्यांना गप्प केलं आणि मी पत्र उघडलं. आमोण्याचा बांध योजनेत घेता येत नाही, असं पहिल्या ओळीत होतं. कारण दुसऱ्या ओळीत. गावातल्या कुटुंबांच्या बँकेतल्या ठेवी तालुक्यातल्या इतर गावांपेक्षा पुष्कळ जास्त असल्याने बांधाचा खर्च गाव स्वतः करू शकेल, असं कार्यालयाचं मत होतं. आणि खाली आकडा. माझ्या हस्ताक्षरातला आकडा टाइप होऊन माझ्याच हाती परत आला होता.

दुसरी ओळ मी गाळू शकलो असतो. पण तालुक्याला जाऊन पत्र वाचून घेणारा कोणीतरी निघालाच असता. मी वाचलं, आकड्यासकट.

मला वाटलं होतं लोक हसतील. म्हणतील, कसले पैसे नि कसलं काय, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. आरडाओरडा करतील, आकडा चुकलाय म्हणून पणजीला मोर्चा नेतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मी पकडला गेलो असतो. पण आमोण्याच्या लोकांच्या मनात बँकेचा आकडा चुकू शकतो ही गोष्टच आली नाही. सरकार खोटं, पंचायत खोटी, भाटकार, म्हणजे जमीनमालक, तर पिढीजात खोटा. पण बँकेत पै-पैसा दोनदा मोजतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आकडा खरा धरला आणि एकमेकांकडे बघायला सुरुवात केली.

"इतले पैशे आमच्या गांवांत?" अध्यक्षाने मला विचारलं. "कोणाचे, सायबा?"

हीच वेळ होती. तोंडून एक वाक्य काढायचं होतं. मी म्हणालो, "ता माका सांगूक येवचा नाय. बँकेचो नियम आसा, कोणाचा खाता कोणाक सांगूचा नाय."

"म्हणजे आसा!" मागून कोणीतरी म्हणालं.

नियम खराच होता. आयुष्यभर पाळलेला तो नियम त्या संध्याकाळी मी ढालीसारखा पुढे धरला, आणि गावाने त्याचा अर्थ घ्यायचा तोच घेतला. कोणाकडे तरी पैसा आहे. आपल्याकडे नाही, म्हणजे शेजाऱ्याकडे आहे.

त्यानंतर त्या गावात जे झालं ते मी बुधवार-शनिवारच्या जेवणावर बसून तुकड्या-तुकड्यांत ऐकलं. कोणाचा मुलगा जहाजावर होता, त्याने घर रंगवलं तर लोक म्हणाले बघा. कोणाची मुलगी सोन्याची कुडी घालून जत्रेला आली, तर म्हणाले बघा. भावाभावांत हिशेब निघाले. एका घरात सुनेची पेटी सासऱ्याने उघडली. आणि माघात जेव्हा बांधाचा दिवस ठरला, तेव्हा जो तो म्हणाला, ज्याच्याकडे घबाड आहे त्याने घाटावरचे मजूर रोजाने आणावेत, आम्ही का चिखलात मरायचं? ओहोटी लागली तेव्हा बांधावर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसं होती. आक्का होती. दुसऱ्या दिवशी कोणीही कोणाच्या दारात चौकशीला गेलं नाही.

मी आक्काला विचारलं, "काम झाला मां?"

"झाला थोडा थोडा," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला. एरवी ती बांधाच्या दिवसाबद्दल तासभर बोलायची, कोण घसरून पडला, कोणाच्या पेजेत मीठ जास्त झालं. त्या वर्षी बोलली नाही. मला ते खटकलं होतं, पण खटकल्याचं मी स्वतःलाही कळू दिलं नाही.

बांध गेला तो भाद्रपदातल्या उधाणाला, गणपतीची चवथ होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. शेतात कोरगूट पोटरीला आला होता. मानसीच्या बाजूला आधी एक भगदाड पडलं आणि दुपारपर्यंत बांधाचा मोठा तुकडा नदीत गेला. शिपायाने सांगितलं तेव्हा मी काउंटर तसाच टाकून सायकलवर निघालो. पोचलो तेव्हा खाजनभर पाणी पसरलं होतं, स्थिर, मातकट, आणि त्यावर भाताचे शेंडे दिसत होते. काठावर माणसं उभी होती, पण घोळक्याने नव्हे, सुटी सुटी. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आक्का एका नारळाच्या बुंध्याला टेकून उभी होती. मला बघून म्हणाली, "कशाक इलंस रे? बँकेत कोण आसा?" मला मोठ्याने रडावंसं वाटलं. मी रडलो नाही. रडण्याचा हक्क तिचा होता आणि ती रडत नव्हती.

बांधाला पडलेलं भगदाड त्याच वर्षी बुजवलं नाही तर पुढच्या वर्षी दुप्पट मोठं होतं. संघाच्या दोन बैठका झाल्या, दोन्ही पैसा कोणाकडे आहे या प्रश्नावर मोडल्या. तिसरी झालीच नाही. मी म्हातारपणी लोकांना सांगत फिरतो की गाव बाहेरच्यांनी बुडवला, खाणींनी बुडवला, बार्जींनी बुडवला. ते खोटं नाही. पण लाटांशी आमोण्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आले होते. माझ्या आकड्याशी त्यांना झुंजता आलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते कुंपण मी.

तीन पावसाळे भरती-ओहोटी शेतात खेळली. जमिनीवर मिठाचा पापुद्रा धरला, कोरगूटही हरला. आक्काची कणगी अंगणात उपडी पडली, आणि सासूला जे इतकी वर्षं बोलता येत नव्हतं ते ती बोलू लागली. मी बुधवारी जायचं टाळू लागलो. कामाचं निमित्त सांगायचो. मग कंपनीचे लोक गावात आले. त्यांना नदीकाठी माल साठवायला जागा हवी होती आणि खारवलेली शेतं त्यांना स्वस्तात मिळत होती. कागद कसे झाले ते वकिलांना ठाऊक. घराघरांत चेक आले आणि ते सगळे आमच्या शाखेत आले. लोक रांगेतही एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे, स्लिप हाताने झाकायचे. वरच्या कार्यालयाने शाखेचं अभिनंदन करणारं पत्र पाठवलं. मॅनेजरला बढती मिळून तो त्याला हव्या त्या शहरात गेला. त्याला मी दोष देत नाही. नोकरी मलाही हवी होती, सही माझी होती.

आक्काने सगळ्यांत शेवटी कागदावर अंगठा नव्हे, सही केली. ती चौथीपर्यंत शिकली होती. एका सोमवारी, गर्दी ओसरल्यावर, ती चेक घेऊन शाखेत आली. भावोजी बार्जवरच होते. मी तिला आत घेतलं, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. पाच वर्षांच्या मुदतीची ठेव करायची ठरलं. मी फॉर्म भरत होतो आणि तिची बोटं टेबलाच्या कडेवर होती. नखांतला चिखल गेला होता. इतक्या वर्षांत मी तिची नखं स्वच्छ कधी पाहिली नव्हती. त्या बोटांकडे बघून माझ्याने राहवेना.

"आक्का, तुका एक सांगूचा आसा," मी म्हणालो.

सगळं सांगितलं. शाखा बंद होणार होती ते, ठेकेदाराचा चेक, रकाना, पणजीचा अधिकारी, मांडावरची संध्याकाळ. मी थांबल्यावर तिने टेबलाच्या कडेवरची तांबडी धूळ पदराने पुसली.

मग म्हणाली, "त्या वर्सा मी पेज घेवन बांधार गेलंय, तर बायलो माज्याबरोबर बसाक नाय. म्हणाल्यो, तुजो भाव बँकेत, पैसो तुजोच आसतलो, तू कित्या चिखलात हात घालतंस? मी एकटीच बसान पेज प्यालंय. पुढे विहिरीरय कोण बोलाना झाला."

"माका कशाक सांगूक नाय?"

"तुका वायट वाटात म्हणान."

माझ्या हातातलं पेन खाली ठेवलं मी. तिने शिवी दिली असती, चेक फाडला असता, उठून गेली असती, तर मला कुठेतरी उभं राहता आलं असतं. ती तशीच बसून होती, माझी थोरली बहीण, मला न्हाऊ घालणारी, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिने गावाचा बहिष्कार एकटीने गिळला होता, माझ्याच पापाचा.

तिने विचार करत करत माझ्या पुढ्यातल्या उघड्या तक्त्याकडे बोट केलं. तिमाही संपत आली होती आणि आमोण्यासमोरचा घरगुती रकाना मी पेन्सिलीने भरून ठेवला होता, तिचा चेक धरून.

"आता गावाचो पैसो जमलो, तो किती?"

मी सांगितला. मी पूर्वी लिहिला होता त्याहून तो मोठा होता.

"मगे आता तुजो आकडो खरो झालो मां?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. धाकट्या भावाचं एक चुकलेलं काम निस्तरलं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

मी हो म्हटलं आणि तिच्या पावतीवर सही केली.